राखणगाठ

नागपूरच्या स्त्रीस्वास्थ्य संशोधन संस्थेत डॉ. रसिका डोंगरवार आपली बीजपट्टी सरकारी समितीला दाखवत होती, तेव्हा डॉ. कुमुद गावंडे दुसऱ्या रांगेत बसून त्या प्रयोगात काहीतरी चुकावं अशी मनोमन इच्छा करत होत्या.

चुकलं काहीच नाही. बोटाएवढी पांढरी पट्टी होती, सॅनिटरी पॅडच्या अस्तरात शिवता येईल अशी. रसिकाने तिच्यावर पाळीच्या रक्ताचा जुना नमुना सोडला. समितीतली माणसं पुढे वाकून बघत राहिली आणि थोड्या वेळाने पट्टीवर निळी रेघ उमटली. पाहणाऱ्यांपैकी कुणी टाळी वाजवली नाही, पण खोलीतली हवा बदलली, हे कुमुदना कळलं. त्यांच्या स्वतःच्या योजनेच्या वेळी ती कधी बदलली नव्हती.

आरोग्य सचिव स्वतः आल्या होत्या. त्या डॉक्टर नव्हत्या आणि ते लपवतही नव्हत्या. त्यांनी विचारलं, ही रेघ नेमकं काय सांगते?

"गर्भाशयात गाठी होतात, ज्यांना आपण फायब्रॉइड म्हणतो, त्यातली प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून जन्मते," रसिका म्हणाली. "स्नायूतल्या एका पेशीच्या जनुकात एक अक्षर बदलतं. मग ती पेशी दुप्पट होते, चौपट होते, आणि दहा-पंधरा वर्षांत लिंबाएवढी नाहीतर नारळाएवढी गाठ तयार होते. त्या बदललेल्या अक्षराचे तुकडे पाळीच्या रक्तात उतरतात. पट्टी ते अक्षर वाचते. गाठ तेव्हा मुगाच्या दाण्याएवढीही नसते. मी तिला बीजगाठ म्हणते."

"आणि सोनोग्राफीत ती कधी दिसते?"

रसिका दुसऱ्या रांगेकडे वळली. तिने कुमुदकडे पाहिलं. "ते गावंडे मॅडम सांगतील. सोनोग्राफी मी त्यांच्याकडूनच शिकले."

कुमुदनी सांगितलं की पुष्कळ उशिरा. खरं तेच होतं. पण ते सांगताना त्यांना वाटलं, हिने माझ्याच तोंडून माझ्या योजनेला नकार वदवून घेतला.

कुमुदची योजना साधी होती आणि त्यांनी तिच्यामागे अर्धं आयुष्य घातलं होतं. प्रत्येक उपकेंद्रात हातात मावणारं सोनोग्राफी यंत्र द्यायचं, परिचारिकांना ते शिकवायचं, आणि विशीच्या पुढच्या प्रत्येक बाईचं गर्भाशय वर्षातून एकदा पाहायचं. गाठ दिसली तर लगेच कापायची नाही. ती वाढते का, रक्तस्राव होतो का, यावर लक्ष ठेवायचं आणि गरज पडेल तेव्हाच उपचार करायचे. या कामाचं मूळ त्यांच्या घरात होतं. त्यांची आई महिन्यातले दहा-दहा दिवस रक्तात असायची, पांढरीफटक पडली होती, पाटीवरची पेन्सिल खायची. बाईच्या जातीला हे असतंच, असं तिला तिच्या सासूने सांगितलं होतं आणि तालुक्याच्या डॉक्टरनेही. अंगात रक्त उरलं नाही तेव्हा कुठे तिचं गर्भाशय काढलं. आई वाचली, पण चाळिशीतच म्हातारी झाली.

सचिवांनी कुमुदची योजना वाचली होती. नुसतं पाहत राहणं लोकांना पटत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. रसिकाच्या योजनेत पाहत राहणं नव्हतंच. निळी रेघ आली की चुंबकचित्र, म्हणजे एमआरआय, काढून बीजगाठ शोधायची आणि ध्वनिझोत यंत्राने, म्हणजे बाहेरून एका बिंदूवर एकवटलेल्या ध्वनिलहरींनी, ती जाळायची. ना टाका, ना भूल. मुलगी संध्याकाळी घरी जाते. पुढच्या दोन पाळ्यांना पट्टी पांढरी राहिली की तिची फाइल बंद.

शासनाने तीच योजना उचलली. नाव ठेवलं निर्बीज अभियान. रसिका त्याच्या समितीची अध्यक्ष झाली, आणि तिची शिक्षिका साधी सदस्य.

अभियानाच्या पहिल्या दिवशी रसिकाने स्वतःची पट्टी पत्रकारांसमोर ठेवली. ती निळी होती. तेहेतीस वर्षांची ती मुलगी सगळ्यांदेखत यंत्राच्या टेबलावर जाऊन झोपली आणि तासाभराने हसत उठली. दुसऱ्या दिवशी तिचा तो फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत होता. कुमुदनी तो पाहिला, पेपर उलटा करून ठेवला आणि त्या दिवशी जेवायला बसल्या तेव्हाही तो तसाच राहू दिला. त्यांचे पती मधुकर भूजल खात्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी ताट उचलताना म्हटलं, "जळतेस तू तिच्यावर. जळ. पण डोळे उघडे ठेवून जळ."

कुमुदना राग आला, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

पुढच्या चार वर्षांत अभियान राज्यभर पसरलं. कॉलेजांतून, विड्यांच्या कारखान्यांतून, वसतिगृहांतून पट्ट्या वाटल्या गेल्या. किती मुली निर्बीज झाल्या याचे आकडे दर महिन्याला जाहीर होत. यश मोजायचं माप एकच होतं, पांढरी झालेली पट्टी. रसिकाला परदेशातून बोलावणी येऊ लागली. समितीच्या बैठकीत कुमुद दर वेळी एकच मुद्दा मांडत, की फाइल बंद झाल्यावर त्या मुलींकडे कुणीतरी पुन्हा पाहायला हवं. दर वेळी उत्तर मिळे की पट्टी पांढरी आहे, मग पाहायचं काय? एकदा त्यांच्यामागे बसलेला अधिकारी शेजाऱ्याला हळूच म्हणाला की मॅडमना अजून आपलं सोनोग्राफी यंत्र विकायचंय. कुमुदना ते ऐकू आलं.

म्हणून त्या एकट्याच पाहू लागल्या. सुट्टीच्या दिवशी गाडीत यंत्र टाकायचं आणि वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या जुन्या गावांत जायचं. मी जुन्या पेशंटना भेटायला जाते, असं त्या लोकांना सांगत. खरं काय, ते त्यांना ठाऊक होतं. त्या रसिकाची चूक शोधत होत्या.

ती त्यांना सावळापूरला सापडली. मोनाली नावाची पंचविशीची मुलगी, लग्न होऊन वर्ष झालेली, आईबरोबर आली होती. निर्बीज झाल्याला तिला चार वर्षं होत आली होती. सहा महिन्यांपासून अंगावरून फार जात होतं, जिना चढताना धाप लागत होती. कुमुदनी तिची पापणी खाली ओढून पाहिली. आत लाली नावालाही नव्हती.

"हिच्या पोटातलं तर मशीननं साफ केलं होतं ना जी?" आईने विचारलं. "मंग आता हे काय होय?"

कुमुदनी यंत्र पोटावर ठेवलं. पडद्यावर गर्भाशय उमटलं आणि त्यात एक गाठ दिसली. मग दुसरी. मग त्यांनी यंत्र थोडं तिरपं केलं आणि आणखी तीन दिसल्या. बोरांएवढ्या, सगळ्या साधारण एकाच वयाच्या, जणू एकाच दिवशी रुजलेल्या.

आणि त्या क्षणी कुमुदना आनंद झाला. छातीतून वर आला तो, स्वच्छ आणि गरम, एखादा जुना दावा जिंकल्यावर होतो तसा. सापडली, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांचं लक्ष मोनालीच्या चेहऱ्याकडे गेलं. ती पडद्याकडे नाही, डॉक्टरच्या तोंडाकडे पाहत होती, आणि डॉक्टर हसतायत म्हणून तीही धीर येऊन थोडी हसली होती.

तो चेहरा कुमुद पुढे कधी विसरू शकल्या नाहीत. त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं, लोहाची सलाईन लावायला स्वतःच्या गाडीतून नागपूरला आणलं, आईला धीर दिला. पण त्या हसण्याबद्दल त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

त्यानंतर त्या आणखी गावांत फिरल्या. निर्बीज झालेल्या मुलींत तीन-चार वर्षांनी एकाऐवजी चार-पाच गाठी, असं एकामागून एक सापडू लागलं. सगळ्यांत नाही, पण योगायोग म्हणता येणार नाही इतक्या जणींत. पण तुलनेला काय? ज्यांना बीजगाठ होती आणि जाळली नाही, अशा मुली कुठून आणायच्या? अभियानाने तर एकही सोडली नव्हती.

एक गाव मात्र सुटलं होतं. धामणखेड्यात अभियानाच्या नावावरूनच अफवा उठली होती. निर्बीज म्हणजे मूलबाळ होणार नाही, सरकार पोरींना वांझ करतंय, असं कुणीतरी सांगितलं, आणि पट्टी निळी आलेल्या झाडून सगळ्या पोरींनी टेबलावर जायला नकार दिला होता. अज्ञानाचं उदाहरण म्हणून ते गाव प्रशिक्षणात सांगितलं जाई. कुमुद तिथे गेल्या, तेव्हा बायकांनी आधी त्यांनाही दारात उभं केलं. सरपंचीणबाईंनी स्वतः आधी तपासून घेतलं तेव्हा कुठे बाकीच्या आल्या.

त्या पोरींच्या पोटात गाठ होती. पण प्रत्येकीच्या पोटात एकच. मुगाएवढी, फार तर हरभऱ्याएवढी, आणि चार वर्षांत तिने जागाही सोडली नव्हती. रक्तस्राव कुणालाच जास्त नव्हता.

कुमुदनी हे सगळं समितीपुढे मांडलं. शांतपणे मांडायचं ठरवलं होतं, पण आवाज चढलाच. रसिकाने पूर्ण ऐकून घेतलं. मग ती म्हणाली की ज्या शरीराचा कल गाठी होण्याकडे आहे, तिथे नव्या गाठी होणारच; धामणखेडं हे एकच गाव आहे, तिथल्या मुली एकमेकींच्या नात्यातल्या असू शकतात; आणि पाहणी करणाऱ्या व्यक्तीला काय सापडायला हवं होतं, हेही विचारात घ्यावं लागेल. शेवटचं वाक्य ती टेबलाकडे बघत बोलली. खोलीत कुणीतरी खाकरलं. सचिवांनी विषय पुढे ढकलला.

आक्षेप खोटे नव्हते, हे सगळ्यात जास्त लागलं. शिष्येच्या जागी आपण असतो तर हेच विचारलं असतं, हे कुमुदना कळत होतं. पुरावा हवा तर एकच मार्ग होता. निरोगी गर्भाशयाच्या पेशी प्रयोगशाळेत जिवंत वाढवायच्या, त्यांत बीजगाठी लावायच्या, एक जाळायची आणि काय होतं ते पाहायचं. अशा पेशी वाढवणारं उपकरण, ज्याला संस्थेत पेशीवाफा म्हणत, राज्यात एकाच ठिकाणी होतं. रसिकाच्या प्रयोगशाळेत.

दोन दिवस घुटमळून कुमुद तिसऱ्या मजल्यावर गेल्या. विनंती करायची वाक्यं त्यांनी जिन्यात जुळवली होती. ती वापरावी लागली नाहीत. रसिका लगेच हो म्हणाली, इतकी लगेच, की कुमुदना संशय आला. वाफे मी स्वतः लावते, तुम्ही रोज येऊन पाहत जा, असं ती म्हणाली. तिचा चेहरा ओढलेला होता. परदेशच्या फेऱ्यांनी दमली असेल, असं कुमुदना वाटलं, आणि त्या फेऱ्यांचाही त्यांना हेवा वाटून गेला.

उत्तर यायला दीड महिना लागला. काचेच्या उथळ ताटल्यांत गुलाबी पेशींचे थर होते आणि प्रत्येक थरात रसिकाने वेगवेगळ्या वयाच्या बीजगाठी पेरल्या होत्या. जिथे काहीच जाळलं नाही, तिथे सर्वांत जुनी गाठ संथपणे वाढून एका आकाराला थांबली होती आणि बाकीच्या झोपून राहिल्या होत्या. जिथे जुनी जाळली होती, तिथे झोपलेल्या सगळ्या जाग्या झाल्या होत्या.

"ही एक द्रव्य सोडते," रसिका म्हणाली. ती सूक्ष्मदर्शकावरून उठली होती आणि जुन्या गाठीकडे बोट दाखवत होती. "मी त्याला रोधक म्हटलंय. आसपासच्या दुसऱ्या कुठल्याही बीजगाठीला रक्तवाहिन्या फुटू देत नाही. स्वतःही त्याच्यामुळे फारशी वाढत नाही. तिला शेजारी कुणी मोठं झालेलं चालत नाही, मॅडम."

"म्हणजे बीजं पहिल्यापासून अनेक असतात."

"पुष्कळजणींत. झोपलेल्या बीजांचे तुकडे रक्तात उतरत नाहीत, म्हणून पट्टीला फक्त पहिलीच दिसते. आपण ती जाळतो, पट्टी पांढरी होते, आपण फाइल बंद करतो. आणि राखण करणारी गेल्यावर मागे रान मोकळं."

"पण मग मोठ्या गाठींनी हैराण झालेल्या बायका? माझी आई?"

"काहींची पहिली गाठ रोधक कमी सोडते. त्यांना उपचार लागतीलच, लवकर लागतील. मात्र कोणाची कशी आहे हे पट्टीवरून कळत नाही. ते वर्षानुवर्षं पाहूनच कळतं. तुमच्या पद्धतीने."

हे ऐकण्यासाठी कुमुद कितीतरी वर्षं थांबल्या होत्या. तरी ते ऐकून त्यांच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी की चार वर्षं आपण गावोगाव धूळ खाल्ली, आणि रोधक सापडला तो हिला, एका वाफ्यात, दीड महिन्यात. पुस्तकांत नाव हिचं जाईल. त्यांना स्वतःचीच किळस आली, पण विचार गेला नाही.

रसिकाने ताटल्या आत ठेवल्या, हात धुतले, आणि पाठमोरी उभी राहूनच म्हणाली, "एक सोनोग्राफी करायची होती, मॅडम. तुमच्या हाताने."

"कोणाची?"

"माझी."

तळमजल्यावरच्या तपासणीच्या खोलीत कुमुदनी पडदा ओढला. रसिका टेबलावर आडवी झाली. कुमुदनी आधी तिची पापणी पाहिली आणि मग त्यांना पुढचं यंत्राशिवायच कळलं. पडद्यावर गाठी एकीला लागून एक दिसू लागल्या. एक तर आतल्या पोकळीवर चढली होती, मूल राहण्याची जागा तिने अर्धीअधिक व्यापली होती. सहापर्यंत मोजून कुमुदनी मोजणं थांबवलं.

याही वेळी तो आनंद आला. मोनालीच्या वेळेसारखाच आला, तेवढाच गरम. कुमुदनी त्याला येताना पाहिलं. मग टेबलावरची मुलगी थंडीने शहारली, आणि त्या आनंदाचं काय करावं ते त्यांना कळेना. त्यांनी तिच्या पायांवर चादर ओढली.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"वर्ष झालं. रक्तस्राव सुरू झाला तेव्हा."

"आणि समितीत माझ्यावर उलटलीस?"

रसिका छताकडे बघत बोलत राहिली. ती म्हणाली की त्या बैठकीत तिला स्वतःचाच भरवसा वाटत नव्हता. आपल्याच पोटात झालंय म्हणून सगळ्या राज्याचं धोरण मोडायचं का? एका बाईचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला कुमुदनीच शिकवलं होतं. आणि पुरावा गोळा करायचा तर तो तिने स्वतः करून चाललं नसतं. घाबरलेला माणूस लवकर समाधान मानतो.

"तुम्ही मानणार नव्हता," ती म्हणाली. "मी तुमच्या तोंडावर ते बोलले, कारण मला माहीत होतं, मग तुम्ही मला सोडणार नाही. वाफे मागायला याल. माझ्यावर इतकं बारीक लक्ष ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं मला."

"तुला माहीत होतं, मी तुझ्यावर जळते ते."

"सगळ्या संस्थेला माहीत आहे, मॅडम," रसिका म्हणाली. "मीही जळते. धामणखेड्याच्या पोरींवर. अफवा ऐकून घरी बसल्या आणि वाचल्या. मी स्वतःच्या शास्त्रावर विश्वास ठेवला."

शस्त्रक्रिया कुमुदनी केली, रसिकाचाच तसा आग्रह होता. पोकळीतली गाठ काढली, रक्तस्राव करणाऱ्या काढल्या, आणि मागच्या भिंतीत सोनोग्राफीत न दिसलेल्या आणखी दोन निघाल्या, त्याही काढल्या. एक मात्र मुद्दाम ठेवली. तिच्यातून सुईने काढलेल्या पेशी आधी वाफ्यात तपासल्या होत्या. सर्वांत जास्त रोधक तीच सोडत होती. गर्भाशय वाचलं. पुढे मूल होईल की नाही, हे तेव्हा कुणी सांगू शकत नव्हतं.

बरी झाल्यावर रसिकाने सचिवांपुढे सगळं उघड सांगितलं आणि नंतर पत्रकारांपुढेही, ज्या टेबलावर तिचा फोटो निघाला होता त्याच टेबलाशेजारी उभं राहून. तिच्यावर खूप टीका झाली. सभागृहात प्रश्न विचारले गेले. ज्या मुली निर्बीज झाल्या होत्या, त्यांच्या आया संस्थेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि रसिका रोज खाली जाऊन त्यांच्याशी बोलत राहिली. अभियान थांबलं. त्याच्या जागी राखण योजना आली. निळी पट्टी आली तरी जाळायचं नाही. उपकेंद्रात दर वर्षी सोनोग्राफी करायची. गाठ वाढली किंवा रक्त जाऊ लागलं तर वेळेत उपचार, सरकारी खर्चाने. आणि ज्यांची राखणगाठ जाळली गेली होती, त्या प्रत्येकीला शोधून काढून तपासायचं. रोधकापासून त्यांच्यासाठी औषध करायचं काम वेगळं सुरू झालं.

योजनेची प्रमुख म्हणून कुमुदचं नाव आलं. त्यांनी ते स्वीकारलं. घरी आल्यावर मधुकरांनी साखर पुढे केली, तेव्हा कुमुदना आपली आई आठवली आणि बराच वेळ रडू आवरलं नाही.

रसिकाने अध्यक्षपद सोडलं. जाताना तिने नव्या धोरणात एक कलम घालायला लावलं. आरोग्याच्या प्रत्येक योजनेत एक विरोधी परीक्षक असावा. त्याने योजनेच्या चुका शोधाव्यात, हेच त्याचं काम. त्याला कुठल्याही केंद्रात न सांगता जाता यावं, त्याची माहिती वेगळी गोळा व्हावी आणि योजनेच्या प्रमुखाला त्याला काढता येऊ नये. निर्बीज अभियानात असं पद असतं, तर चार वर्षं गेली नसती, असं ती म्हणाली. कुमुदनी या कलमाला सगळ्यात आधी पाठिंबा दिला. रसिका आता परदेशी विद्यापीठात जाणार असं संस्थेत बोललं जात होतं. तिची खोली रिकामी झाली, तेव्हा कुमुदना हलकं वाटलं.

योजनेचं उद्घाटन हिंगणघाटजवळच्या एका उपकेंद्रात झालं. हार, नारळ, भाषणं आटोपून पाहुणे गेले आणि खरं काम सुरू झालं. परिचारिका एकेका बाईला आत घेत होत्या. कुमुद मागे उभ्या राहून पाहत होत्या. इतक्या वर्षांनी आपली यंत्रं आपल्या पद्धतीने चालताना दिसत होती. तेवढ्यात दारातून रसिका आत आली. पूर्वीपेक्षा अंगाने भरलेली, फिक्या ओठांवर पुन्हा लाली आलेली. तिच्या खांद्याला स्वतःचं यंत्र होतं आणि गळ्यात ओळखपत्र. त्यावर लिहिलं होतं, विरोधी परीक्षक.

"तू?" कुमुद म्हणाल्या.

"मी अर्ज केला होता. बाकीच्या उमेदवारांना तुमची चूक काढायची भीती वाटत होती."

तिने वेळ घालवला नाही. तिचं म्हणणं असं, की दर पाच-सहा बायकांत एकीचं गर्भाशय मागे झुकलेलं असतं. अशा वेळी मागची भिंत यंत्राच्या सावलीत जाते आणि नुसतं पोटावरून पाहून तिथली गाठ दिसत नाही. बाईला कुशीवर वळवून पुन्हा पाहावं लागतं. कुमुदच्या प्रशिक्षणात ते नव्हतं.

"इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही," कुमुद म्हणाल्या.

"माझ्या ऑपरेशनमध्ये मागच्या भिंतीत दोन जास्त निघाल्या. तुम्हीच मला सांगितलंत. मला वाटलं, तुम्ही त्याचा विचार केला असेल."

त्यांनी केला नव्हता. आणि लगेच पुढचा विचार आला, तो आणखी वाईट होता. धामणखेड्याच्या पोरींच्या पोटात एकच गाठ आहे, हे त्यांनी पोटावरूनच पाहून ठरवलं होतं. ज्या पुराव्यावर सगळी योजना उभी होती, तोही पुन्हा तपासावा लागणार होता. रसिका तिथे जाणारच, हे उघड होतं. कदाचित जाऊनही आली असेल.

कुमुदची कानशिलं तापली. सांगून टाकावंसं वाटलं, की तुझा संबंध नाही, तुझी वेळ संपली. पण परिचारिका त्यांच्याकडे बघत होत्या. कुमुदनी नुकत्याच तपासून गेलेल्या बायकांना परत बोलावलं. बायका कुरकुरत आल्या. पहिल्या दोघी ठीक निघाल्या. तिसरीला कुशीवर वळवलं आणि पडद्यावर मागच्या भिंतीत एक गाठ उमटली, चांगली सुपारीएवढी. तासाभरापूर्वी तिला काही नाही म्हणून घरी पाठवलं होतं.

कुमुदनी रसिकाकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर काय आहे ते त्यांना लगेच ओळखू आलं. ती ओठ घट्ट मिटून उभी होती, आणि तरीही ते डोळ्यांत उतरलंच होतं.

"सगळ्यांना परत घ्या," कुमुदनी परिचारिकेला सांगितलं. "आणि उद्यापासून दोन्ही कुशींवर." मग त्या रसिकाकडे वळल्या. आवाज शक्य तितका सरळ ठेवून त्यांनी विचारलं की ती पुढच्या वेळी कुठल्या केंद्रात येणार आहे.

रसिकाने यंत्र पिशवीत घातलं आणि पट्टा खांद्याला अडकवला.

"ते सांगायचं नसतं, मॅडम," ती म्हणाली.